व्हायव्हाचं राहिलेलं उत्तर

दादर, रविवार रात्र

प्रिय दिल्या,

गणपतीत तू मनूच्या पिंढरीवरचे निळे डाग बघितलेस आणि म्हणालास, हिचं रक्त तपासून घे. मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. "तू खतं विक, डॉक्टरकी शिकवू नकोस." नंतर तुझे फोन उचलले नाहीत. आताही फोन करत नाही. तुझा आवाज ऐकला की मी रडणार, आणि इथे शेजारी दमलेली माणसं झोपलीत.

मनूला ब्लड कॅन्सर आहे. एएलएल नावाचा प्रकार. तू बोललास त्यानंतर पाच आठवड्यांनी मी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ५.२, प्लेटलेट १४ हजार. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, आजच टाटाला निघा. तेव्हापासून गाडगे महाराज धर्मशाळेत आहोत. माझं बीपी वाढलंय, सुनीता वाळलीय, बाकी ठीक. आईला "रक्त कमी झालंय" एवढंच सांगितलं.

पण लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. पहिल्या आठवड्यात सिस्टर छोटी सिरिंज घेऊन आली. फाईलवर नाव वाचलं, व्हिन्क्रिस्टीन. दिल्या, विन्का! विन्का रोझिया, आपली सदाफुली! विलिंग्डन कॉलेजातली बॉटनीची ती व्हायव्हा, तोंडी परीक्षा, आठव. एक्स्टर्नलने सदाफुली समोर धरून विचारलं, इकॉनॉमिक इम्पॉर्टन्स? मी म्हणालो, सर, पूजेला वाहतात. माझ्यामागून तू आत गेलास आणि "अँटिकॅन्सर" म्हणून मार्क घेऊन आलास. तेव्हापासून प्रत्येक लग्नात मला पुजारी म्हणतोस. मी वॉर्डात हसत सुटलो. सुनीताला वाटलं, याचं डोकं फिरलं. तिला काय सांगणार? हे तुलाच कळणार.

मग रात्री हिशेब करत बसलो. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टीनला सदाफुलीची सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. मनूचा डोस साधारण एक मिलिग्रॅमचा, म्हणजे दर आठवड्याला अर्धा किलो पाला. चार डोस झाले, दोन किलो. १९६३ पासून हे औषध वापरात आहे आणि आपण दोघांनी ते रोप हर्बेरियमसाठी मुळासकट उपटून वर्तमानपत्रात दाबलं होतं. (ती फाईल माझीच होती, हे मी मरेपर्यंत म्हणणार. मरेपर्यंत हा शब्द हल्ली जरा अडखळतच तोंडातून येतो.)

आता मुद्दा. पहिल्या महिन्याचा कोर्स संपला, बोन मॅरो पुन्हा काढला. दहा हजार पेशींत एखादी तरी वाईट पेशी उरलीय का, तेवढं बारीक बघतात. रिपोर्ट मंगळवारी. पुढची औषधं किती कडक द्यायची, हे त्यावर ठरेल. एकूण दोन-अडीच वर्षं धरून चाला म्हणालेत. आणि मी मात्र ते पाच आठवडे मोजत बसलोय. हाडं वाढतात म्हणून पाय दुखतात, असं म्हणत तिला रात्री तेल लावत होतो. इथल्या प्रत्येक डॉक्टरला मी तोच प्रश्न शब्द बदलून विचारतो. परवा एका मॅडमनी सरळ सांगितलं, अशी वजाबाकी करता येत नाही. मी मान हलवली, बाहेर आलो, पुन्हा वजाबाकी. तू मात्र "तुझी चूक नाही" वगैरे म्हणू नकोस. तू शिव्या दे. बाकीचे सगळे माझ्याशी फार गोड बोलायला लागलेत.

मनू? स्टेरॉइडने गाल असे फुगलेत की थेट आपले हेडमास्तर. रात्री तीनला उठून वरणभात मागते, दिला की म्हणते भडंग. बाहेरचं बंद, म्हणून सुनीता धर्मशाळेत चुरमुरे परतते. लाल औषध गेलं त्या दिवशी शूसुद्धा लालसर झाली, तर शेजारच्या बिहारी पोराला बोलावून दाखवली. त्या पोराची कॉट गुरुवारपासून रिकामी आहे. त्याचे वडीलच आम्हाला पहिल्या दिवशी कुठल्या काउंटरला जायचं ते दाखवत फिरले होते. मनू विचारते, गावाला गेला का? मी हो म्हणतो.

आई काल फोनवर म्हणाली, तुळशीजवळची सदाफुली मी रोज सगळी तोडते, मनूसाठी गणपतीला वाहते. म्हणजे माझं उत्तर अगदीच चूक नव्हतं रे. अर्धा मार्क तरी दे.

तुझ्या बदलीचं झालं का? ओमच्या मुंजीला आलो नाही, वहिनींना सांग, राग धरू नका. काकांचा मोतीबिंदू आटोपला असेल.

तू बी पॉझिटिव्ह आहेस, एनसीसीच्या कॅम्पात आपण शेजारी शेजारी झोपून रक्त दिलं होतं. इथे प्लेटलेटला डोनर लागतात आणि माझ्या ओळखीचे संपले. जमलं तर सोमवारी रात्रीच निघ. पोटभर जेवून ये, उपाशी माणसाचं घेत नाहीत. फुलं आणू नकोस, वॉर्डात चालत नाहीत.

तुझा,
पुजारी