पणजोबांची तारीख

सातारा

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

पणजोबांच्या निधनाची तारीख हवी असेल, तर जुनी वर्तमानपत्रं आधी चाळू नकोस. साध्या कुळंब्याच्या मरणाची बातमी तेव्हा कोण छापणार! त्यापेक्षा तलाठ्याकडचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, बघ. सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाशी फेरफाराचा आकडा असतो. तो धरून मागे गेलास की ‘खातेदार मयत’ अशी वारसाची नोंद सापडेल. पण ही तारीख मरणाची नव्हे. वारस लावायला लोक वर्षानुवर्षं लावत. तेव्हा ते साल शेवटची हद्द धर आणि त्याच्या मागची दहा वर्षं शोधायला घे.

मग तहसीलच्या अभिलेख कक्षात जुना गाव नमुना 14, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची वही, माग. ‘कोतवाल बुक’ म्हणालास की कारकून लगेच ओळखतो. तुमचं गाव वाळवा तालुक्यातलं, म्हणजे 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यात. त्या साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 साली त्याचं नाव सांगली झालं. तालुक्याच्या कचेरीत नाही म्हणाले तर साताऱ्यालाही विचार.

वही मोडी लिपीत असेल. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घही पाळलेलं नसतं. आडनावावर भिस्त ठेवू नकोस. नोंद असते ती अशी: ‘राणू वलद बाळू, वय 40, रोग पटकी’. पटकी म्हणजे कॉलरा. वलदपुढे बापाचं नाव, बाईच्या नोंदीत कोमपुढे नवऱ्याचं. गावात राणू चार निघतील, म्हणून खापरपणजोबांचं नाव पक्कं करूनच जा. वय अंदाजानं टाकलेलं असतं, त्यावरून माणूस बाद करू नकोस. 1918 च्या मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीची, पानं तर सावकाश वाच. घाईत लिहिलेल्या नोंदी एकात एक घुसतात.

कागदावर शके असेल तर 78 मिळव, पण इंग्रजी साल पालटल्यावर फाल्गुन अखेरपर्यंत 79. म्हणजे शके 1840 चा कार्तिक 1918 चा, माघ मात्र 1919 चा.

घरच्या श्राद्धाची तिथीही काकूंना विचार. वर्षश्राद्धाची तिथी महिना-पक्षासकट असते. नुसती पितृपक्षातली चतुर्थी सांगितली तर शुद्ध की वद्य, कळायचं नाही. पणजी सवाष्ण गेली असेल तर तिचं श्राद्ध अविधवा नवमीला, तिथे तिथीचा पुरावाच संपला.

चुलत्यांच्या पिढीसाठी मात्र वर्तमानपत्र उपयोगी. ‘मंगळवारी निधन झाले’ असं असेल तर अंकाच्या तारखेवरून मागे मोज. पुण्यस्मरणाची जाहिरात तिथीनं दिलेली असू शकते, तेव्हा मागच्या वर्षीची तीच तारीख धरू नकोस.

गावाचं नाव, गट नंबर आणि खापरपणजोबांचं नाव उलट टपाली कळव. मोडी पानांचे फोटो उजेडात काढ, समास कापू नकोस.

तुझा,
विनायक