दादाभाईंनंतरचा तिसरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटिश पार्लमेंटमधल्या भारतीयांवरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. दादाभाई नौरोजी आले, मंचरजी भावनगरी आले आणि तिथून लेखकाने थेट आजच्या काळात उडी घेतली. मधले शापूरजी सकलातवाला राहूनच गेले. हे दरवेळी होते.

जमशेटजी टाटांचा हा भाचा १८७४ साली मुंबईत जन्मला. मामाच्या कंपनीसाठी लोहखनिजाच्या शोधात रानोमाळ हिंडला, १९०५ मध्ये विलायतेला गेला आणि तिथे कम्युनिस्ट झाला! १९२२ मध्ये लंडनच्या नॉर्थ बॅटरसी या कामगारवस्तीने त्यांना निवडून दिले, वर्षभरात १८६ मतांनी पाडले आणि १९२४ मध्ये पुन्हा निवडले. १९२९ पर्यंत ते कॉमन्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात होते.

हिंदुस्थानची बाजू घेणारे खासदार तिथे आणखीही होते. पण त्यांच्या बोलण्यात बहुधा कणवेचा सूर असे. सकलातवालांनी कणव बाजूला ठेवून हिशेब मांडला. डंडीच्या ताग गिरणीतल्या कामगाराला त्यांचे सांगणे असे, की हुगळीकाठी तुटपुंज्या मजुरीवर राबणारा तुझा वैरी नव्हे. डंडीचाच पैसा तिकडच्या गिरण्यांत गुंतला आहे, तेव्हा त्याची मजुरी वाढल्याशिवाय तुझी टिकणार नाही. माझे वडील गिरणीत होते. त्यांना हे एका वाक्यात समजले असते.

१९२६ च्या सार्वत्रिक संपाच्या तोंडावर, मे दिनी, हाइड पार्कमध्ये त्यांनी सैनिकांना सांगितले, कामगारांवर गोळ्या झाडू नका. त्या भाषणावरून अटक झाली तेव्हा चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यायला नकार दिला आणि खासदार असताना दोन महिने तुरुंगात काढले. १९२७ च्या नोव्हेंबरात सायमन कमिशनचा विषय सभागृहात आला. त्यात एकही हिंदी माणूस नव्हता, तरी मजूर पक्षाने आपले दोन खासदार दिले. त्यांतले एक पुढे पंतप्रधान झालेले ॲटली. सकलातवाला विरोधात उभे राहिले. सायमनसाहेब मुंबईच्या बंदरात उतरून काळे झेंडे पाहणार होते ते यानंतर, १९२८ च्या फेब्रुवारीत.

त्यांचे सगळेच मला पटते असे नाही. मॉस्कोवरचा त्यांचा विश्वास फारच भाबडा होता. पण याच माणसाने १९२७ मध्ये मुलांची नवजोत, म्हणजे पारशी धर्मदीक्षा, लावली आणि पक्षाचा ठपका ओढवून घेतला! मला वाटते, इथेच घोळ झाला. काँग्रेसवाल्यांना ते कम्युनिस्ट म्हणून नकोत, कम्युनिस्टांना नवजोत अडचणीची, आणि उद्योगपतींच्या गौरवग्रंथात असा भाचा कोण बसवणार?

कॉमन्सच्या कामकाजाचे जुने वृत्तांत आता घरबसल्या वाचता येतात. त्यांतली सकलातवालांची दोन-चार भाषणे मराठीत करून पुरवणीत छापावीत. सुरुवात सायमन कमिशनवरच्या चर्चेपासून केलीत तर बरे.

कळावे,
एक वाचक, लालबाग, मुंबई