फिलिपिन्सचे कौतुक करताना इलोइलो राहून गेले

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘पहिलीपासून इंग्रजी ठेवली म्हणून फिलिपिन्स पुढे गेला, आपणही तेच करावे’ असा सूर असलेला लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. शेवटच्या काही वर्षांत आमची शाळा सेमी इंग्रजी झाली होती. त्यामुळे लेख वाचून गप्प बसवेना.

तिथे इंग्रजी कुणी मागितली म्हणून आली नाही. स्पेनकडून बेटे ताब्यात आल्यावर अमेरिकेने जानेवारी 1901 मध्ये 74 क्रमांकाचा कायदा केला आणि शाळांचे माध्यम इंग्रजी ठरवून टाकले. त्याच ऑगस्टमध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे 500 अमेरिकी शिक्षक मनिलाला उतरले. पुढे 1925 मध्ये अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ पॉल मन्रो यांच्या समितीने शाळा तपासल्या, तेव्हा मुले इंग्रजी वाचनात फार मागे पडलेली आढळली. तरी समितीने सल्ला दिला तो इंग्रजीच चालू ठेवण्याचा! पाहणी करायची आणि निष्कर्ष बाजूला ठेवायचा, ही रीत आपल्याकडचीच असे मी आजवर समजत होते.

लेखात नसलेली गोष्ट इलोइलोची. 1948 ते 1954 या काळात या प्रांतात एक प्रयोग झाला. काही शाळांत पहिली-दुसरीला सगळे विषय हिलिगायनोन या घरच्या बोलीत शिकवले, तर काही शाळांत नेहमीप्रमाणे इंग्रजीत. बोलीत शिकलेली मुले वाचनात आणि गणितात पुढे निघाली. तिसरीत त्यांना इंग्रजी माध्यमात घातले, तेव्हा काही महिन्यांतच ती इंग्रजीतही इतरांच्या बरोबरीला आली. पहिलीच्या वर्गात उभे राहिलेल्या कुणालाही याचे नवल वाटणार नाही. ‘वजाबाकी’ कळलेल्या पोराला नंतर ‘सबट्रॅक्शन’ हा नुसता शब्द शिकवायचा असतो. उलटीकडून गेलात की शब्द आणि वजाबाकी दोन्ही एकदम गळ्यात पडतात.

1957 पासून पहिल्या दोन इयत्तांना बोलीभाषा आल्या खऱ्या, पण 1974 च्या द्विभाषा धोरणाने गणित आणि विज्ञान इंग्रजीकडे व बाकीचे विषय राष्ट्रभाषेकडे सोपवले. या राष्ट्रभाषेचा पाया मनिलाकडची तागालोग. म्हणजे इलोइलोच्या पोराला दोन्ही भाषा परक्याच. 2013 च्या कायद्याने शालेय शिक्षण दहा वर्षांवरून बारा वर्षांचे झाले, बालवर्ग वेगळा, आणि तिसरीपर्यंत मातृभाषा माध्यम ठरली. एकोणीस भाषा घेतल्या. पण पुस्तके अपुरी, शिक्षकांचे प्रशिक्षण घाईचे आणि एकाच वर्गात तीन-तीन बोलींची मुले. ऑक्टोबर 2024 मध्ये नवा कायदा आला आणि मातृभाषेतले शिकवणे ऐच्छिक होऊन बसले. रोपाला पाणी द्यायचे नाही आणि वाढले नाही म्हणून उपटायचे, यापलीकडे मला त्यात काही दिसत नाही.

आणि लेखातले ते ‘पुढे गेलेले’ फिलिपिन्स? 2018 च्या पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत वाचनात ते 79 देशांत शेवटचे होते. चाचणी इंग्रजीतच होती आणि बहुतेक मुलांच्या घरात इंग्रजी नव्हती. तिथल्या कॉल सेंटरमधून कानावर पडते ती त्यातून तरून गेलेल्यांची इंग्रजी.

सगळा दोष भाषेवर टाकणेही बरोबर नाही. तिथे मालमत्ता कराबरोबर शाळांसाठी एक टक्का जादा कर घेतात आणि तो खर्च करायचे काम स्थानिक शाळा मंडळाकडे असते. ऐकायला छान. पण मकातीसारख्या मॉल-बँकांच्या शहराचा एक टक्का आणि डोंगरातल्या गावाचा एक टक्का यांत केवढी तफावत! त्यात 1994 नंतर उच्च शिक्षण आणि कौशल्य शिक्षण यांना स्वतंत्र यंत्रणा मिळाल्या, शिक्षण खात्याकडे शालेय शिक्षण उरले. भाषा, अभ्यासक्रम हे मात्र मनिलातूनच ठरत राहिले.

माझा विरोध इंग्रजीला नाही. माझ्या नातवंडांनाही ती आलीच पाहिजे. फक्त लेखकमहाशयांनी पुढच्या लेखात इलोइलोच्या त्या मुलांसाठी चार ओळी ठेवाव्यात, एवढी विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
कराड, जि. सातारा