नवी डिस्क घेण्याआधी 'व्हीजीएस' ही आज्ञा चालवा

महोदय,

महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आता पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारी 'कोहा' ही मुक्त संगणक-प्रणाली बऱ्याच ठिकाणी दिसते. सर्व्हर सांभाळायला मात्र वेगळा माणूस क्वचितच मिळतो. मी ग्रंथपाल, आमचा सर्व्हर मीच बघते. ऐन परीक्षेच्या तोंडावर आमच्याकडे देवघेव बंद पडली. डिस्क भरल्यामुळे मारियाडीबीला, म्हणजे कोहाच्या डेटाबेसला, नोंदच लिहिता येईना. देखभालीचं कंत्राट असलेली मंडळी आली आणि नव्या हार्ड डिस्कचं कोटेशन देऊन गेली. डिस्क १ टीबीची. पुस्तकांच्या नोंदी आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचे स्कॅन, एवढ्याने ती भरेल हे मला पटेना.

'डीएफ' या, भरलेली जागा दाखवणाऱ्या आज्ञेने मुख्य विभाग शंभर टक्के भरलेला दाखवला, पण त्याचा आकारच मुळी १०० जीबीच्या आतबाहेर. मग कुठल्याच विभागाला न दिलेली जागा दाखवणारी 'व्हीजीएस' ही आज्ञा दिली. शेवटच्या रकान्यात, 'व्हीफ्री'खाली, ८०० जीबीहून जास्त जागा मोकळी! उबुंटू सर्व्हर ही लिनक्स प्रणाली बसवताना एलव्हीएमचा (डिस्कची जागा लवचिकपणे विभागणाऱ्या व्यवस्थेचा) तयार आराखडा तसाच स्वीकारला, तर २०० जीबीहून मोठ्या डिस्कवरही इन्स्टॉलर मुख्य विभागाला १०० जीबीच देतो. बाकीची जागा पुढे वाढवायला किंवा स्नॅपशॉटसाठी (विभागाच्या त्या क्षणाच्या प्रतीसाठी) राखीव राहते. सोय उत्तमच आहे, पण सर्व्हर बसवून देणाऱ्याने ती सांगायला नको का?

बॅकअप घेतला आणि 'एलव्हीएक्सटेंड' या विभाग वाढवणाऱ्या आज्ञेला '-आर' जोडून २०० जीबी वाढवले. विभाग आणि त्यावरची ईएक्सटी४ फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवणारी रचना) एकदमच वाढली, सर्व्हर बंदही करावा लागला नाही. '-आर' राहिलं तर विभाग वाढतो, पण 'डीएफ' जुनाच आकडा दाखवत राहतो. मग फाइल सिस्टिम वाढवणारी 'रिसाइझ२एफएस' वेगळी चालवावी लागते.

सगळी जागा एकदम देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. वाढवणं सोपं, कमी करणं जोखमीचं. ईएक्सटी४ लहान करायची तर विभाग अनमाउंट करून (वापरातून सोडवून) तपासायचा, आधी फाइल सिस्टिम लहान करायची आणि मगच 'एलव्हीरिड्यूस'ने विभाग. क्रम उलटला की फाइल सिस्टिमचं शेपूटच कापलं जातं. मुख्य विभाग तर चालू यंत्रावर अनमाउंट होतच नाही, त्यासाठी लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवरून, सुरुवात करावी लागते. रेड हॅट या दुसऱ्या लिनक्सच्या ७व्या आवृत्तीपासून मूळची फाइल सिस्टिम एक्सएफएस आहे. ती लहान करायची म्हणजे डेटा बाहेर काढून विभाग नव्याने बांधणं आलं.

संस्थाचालकांना आणि प्राचार्यांना माझी कळकळीची विनंती आहे: डिस्कच्या प्रत्येक कोटेशनसोबत 'व्हीजीएस' आणि (विभागांची यादी देणाऱ्या) 'एलव्हीएस'चा निकाल छापून मागा. आणि ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात जिथे कोहा शिकवतात, तिथे हे एक प्रात्यक्षिकही घ्या. जुन्या संगणकावर, खोट्या डेटासह, दुपारभरात होतं.

— एक ग्रंथपाल, सातारा