छुप्या जाहिराती आणि दारू सोडलेल्यांचा मेंदू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

क्रिकेटचे सामने सुरू झाले की सोडा आणि पिण्याचे पाणी यांच्या आडून दारूची परिचित नावे घराघरांतल्या पडद्यांवर झळकू लागतात. या छुप्या जाहिरातींविषयी बोलताना आपण कोवळ्या मुलांची काळजी करतो, ती रास्तच आहे. परंतु ज्यांनी मोठ्या कष्टाने दारू सोडली, त्यांच्यावर होणाऱ्या परिणामाचा विचार क्वचितच होतो.

एफएमआरआय (मेंदूचा कोणता भाग कधी सक्रिय होतो हे दाखवणारी तपासणी) चालू असताना मद्यपाशात अडकलेल्या व्यक्तीला बाटलीचे किंवा भरलेल्या पेल्याचे नुसते चित्र दाखवले, तरी बक्षिसाच्या अपेक्षेशी निगडित असलेला ‘व्हेंट्रल स्ट्रायटम’ हा मेंदूतील खोलवरचा भाग सक्रिय होतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. बेताने पिणाऱ्यांतही असा प्रतिसाद दिसतो. मात्र लक्ष आणि स्वतःच्या आठवणी यांच्याशी संबंधित असलेले मेंदूच्या मागील बाजूचे काही भाग मद्यपाश असलेल्यांत अधिक जोमाने प्रतिसाद देतात, असे अशा अभ्यासांच्या २०१३ मधील एकत्रित विश्लेषणातून पुढे आले.

दारू प्यायल्यावर मेंदूत बक्षिसाशी निगडित असलेले डोपामिन हे रसायन स्रवते, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने बाटलीचा आकार, वास, ओळखीचे दुकान, संध्याकाळची ठरावीक वेळ या साऱ्या खुणा मेंदू दारूशी जोडून ठेवतो. पुढे खूण दिसली तरी तलफ येते. व्यसनात पदार्थाची आवड वाढत नसतानाही त्याची ओढ वाढत जाते, ही रॉबिन्सन आणि बेरिज या मेंदू-संशोधकांनी १९९३ मध्ये केलेली मांडणी मला फार महत्त्वाची वाटते, कारण दारूचा मनापासून वीट आलेला माणूसही बारसमोर का थबकतो, हे तिच्यामुळे उमगते. कित्येक महिने दारूला न शिवलेल्या माणसाच्या मेंदूतूनही ही जोडणी पुसली जात नाही. दारूची तलफ कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या नाल्ट्रेक्सोनसारख्या औषधाने वर सांगितलेल्या व्हेंट्रल स्ट्रायटमचा प्रतिसाद मंदावल्याचे काही अभ्यास सांगतात, म्हणजे वैद्यकीय मदतीला येथे खरोखर वाव आहे. व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेला माणूस पुन्हा घसरला, तर त्याची जबाबदारी संपत नाही, पण ‘याला लाजच नाही’ म्हणून त्याला झिडकारणे अन्यायाचे आहे.

आपले नियम मात्र या वास्तवापासून दूर आहेत. केबल टेलिव्हिजनचे नियम दारूच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष जाहिरातीला मनाई करतात. तरीही त्यांतील सवलतीमुळे दारू न दाखवता त्याच नावाच्या दुसऱ्या उत्पादनाची जाहिरात करता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी छुप्या जाहिरातींवर बंदी घातली, पण केवळ नावाच्या वापराला तेथेही मोकळीक आहे. मेंदूला चेतवणारी खूण नेमकी ते नाव आणि ते चिन्ह हीच असते.

केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी ९० लाख लोक दारूवर अवलंबून आहेत. त्यांच्यासाठी या दोन्ही सवलती रद्द कराव्यात आणि दारूच्या उत्पादनाशी जोडलेले नाव, चिन्ह व धून दूरचित्रवाणी, मैदानावरील फलक आणि खेळाडूंचे पोशाख या सर्व ठिकाणी वापरण्यास स्पष्ट मनाई करावी, अशी माझी केंद्र सरकारला आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, सातारा