कळफलक माझ्या हाताखालीच राहू देणाऱ्या मुलास

लष्कर, ग्वाल्हेर

चि. वरच्या मजल्यावरील विद्यार्थ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे नाव कुठे लिहायचे नाही असे तू बजावले आहेस, म्हणून लिहीत नाही. परंतु आभार चारचौघांत मानू नयेत, असे काही तू म्हणाला नव्हतास. चार महिने ज्या त्रासाने मी जेरीस आले होते, तो तू गेल्या रविवारी पाऊण तासात दूर केलास आणि चहासुद्धा न घेता जिना चढून गेलास. तेव्हापासून हे पत्र मनात घोळते आहे.

मी काय टंकत बसलेली असते, हे तुला आता ठाऊक आहे. पं. भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ साली येथे सुरू झालेल्या माधव संगीत महाविद्यालयात माझे वडील शिकले, आणि तेव्हा उतरवून घेतलेल्या बंदिशींची त्यांची वही आता हात लावला तरी कोपऱ्यांना तुटते, म्हणून ती मी संगणकावर उतरवते आहे. भातखंडे यांच्या स्वरलेखन पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली आणि तारसप्तकाला वर टिंब असते. या साऱ्याची सवय मला लिब्रेऑफिस या लेखनाच्या प्रणालीत झाली होती. कणस्वर, म्हणजे मुख्य स्वराला ओझरता लागणारा दुसरा स्वर, मात्र त्या मुख्य स्वराच्या डोक्यावर, डावीकडे, बारीक अक्षरात लिहावा लागतो. दरबारी रागातल्या कोमल गंधाराला मध्यमाचा कण नसेल, तर तो दरबारीचा गंधार राहत नाही. त्यासाठी मी कंट्रोल, शिफ्ट आणि पी या तीन कळा एकदम दाबायला शिकले होते. त्याने पुढचे अक्षर लहान होऊन वर चढते. जुन्या संगणकावर हजारो वेळा हे केले असेन, आणि बोटे तिथे आपोआप जात असत.

नवा संगणक आला आणि कण नाहीसे झाले. मध्यमाच्या कणाच्या जागी ओळीतच, पूर्ण आकाराचे, इंग्रजी 'सी' अक्षर उमटू लागले, कारण इनस्क्रिप्ट या मराठी कळरचनेत 'म' त्याच कळेवर आहे. षड्जाचा कण द्यायला जावे, तर 'एम' आणि 'ई' येत, म्हणजे 'सा'च्या जागी इंग्रजीतला 'मी' येऊन बसे. वडील असते तर यावर अर्धा तास बोलले असते. मला त्या वेळी हसू आले नाही.

ज्याने संगणक बसवून दिला त्याला बोलावले. त्याने कळफलक पुढे ओढून 'नमस्ते' लिहिले, ते बरोबर आले, आणि "माताजी, टाइपिंग तो सही चल रही है, आप से ही कुछ दब जाता होगा" असे सांगून तो गेला. दुसऱ्या दुकानातल्या गृहस्थाने कळफलकच खराब असल्याचा निर्वाळा देऊन नवा विकला. त्यावरही 'सी'च आले. पुण्याच्या भाच्याने फोनवरून लिनक्स ही संगणकाची मूळ व्यवस्थाच काढून टाकण्याचा सल्ला दिला, आणि या वयात सुटसुटीत छंद धरावा असेही सुचवले. या तिघांपैकी एकानेही मला कणस्वर लिहून दाखवायला सांगितले नाही, आणि साधे लिहिताना काहीच बिघडत नसल्यामुळे प्रत्येक वेळी मीच खोटी ठरले. शेवटी शेवटी मलाही वाटू लागले होते की बोटे थरथरत असतील, वय झाले असेल.

तू आलास, तेव्हा सवयीने मी खुर्चीवरून उठू लागले. तू म्हणालास, "काकू, उठू नका. तुम्ही नेहमी लिहिता तसंच लिहा, मला तुमची बोटं पाहू द्या." आणि तू खरोखरच पडद्याकडे न पाहता, बाजूच्या स्टुलावर बसून, माझ्या हातांकडे पाहत राहिलास. मी दरबारीच्या स्थायीच्या दोन ओळी लिहिल्या, त्या बिघडल्या, पुन्हा लिहिल्या, पुन्हा बिघडल्या. तू एकदाही हात पुढे केला नाहीस. वडील कोणत्याही शिष्याचा तंबोरा चुकीचा लागला तरी त्याच्या मांडीवरून काढून घेत नसत, तारेवर त्याचेच बोट फिरू देत, हे मला त्या क्षणी इतके आठवले की पुढची ओळ मला नीट दिसली नाही. दहा-बारा मिनिटांनी तू म्हणालास, "तुमचं काहीच चुकत नाहीये." बाकीचे सारे तू नंतर केलेस, पण माझ्यासाठी काम तिथेच झाले होते.

कारण तू समजावलेस ते मी माझ्या शब्दांत लिहिते, कारण मराठी टंकणाऱ्या आणखी कुणाच्या तरी घरी हाच घोळ चालू असेल. दाबलेली कळ थेट लिब्रेऑफिसपर्यंत जात नाही. आधी तिला संगणकाच्या मूळ व्यवस्थेची देवडी ओलांडावी लागते, आणि तिथे कुणी तिच्यावर हक्क सांगितला, तर आत बसलेल्याला ती आल्याचे कळतसुद्धा नाही. संगणक बसवणाऱ्याने माझी सोय म्हणून मराठी-इंग्रजी अदलाबदलीसाठी कंट्रोल आणि शिफ्ट ही जोडी लावून ठेवली होती. विंडोजमध्ये ही जोडी बोटे उचलल्यावर भाषा बदलते आणि मध्ये तिसरी कळ आली, तर बदलत नाही. लिनक्सवर पडदा आणि कळफलक सांभाळणाऱ्या 'एक्स' नावाच्या जुन्या व्यवस्थेत मात्र दाबताक्षणीच भाषा बदलते, आणि ही तक्रार २००४ सालापासून नोंदलेली आहे. म्हणून माझा पहिला कंट्रोल-शिफ्ट-पी भाषा इंग्रजी करून टाकी, कण इंग्रजीत उमटे, दुसरा ती पुन्हा मराठी करी, आणि मुख्य स्वर निर्दोष येई. 'नमस्ते' लिहिणाऱ्याला हे दिसणार कसे? तुझ्या स्वतःच्या कामातही कोड नीट मांडण्यासाठी कंट्रोल-ऑल्ट-एल दाबले की पडद्यालाच कुलूप लागते, हे तू सांगितलेस, तेव्हा आपण दोघे एकाच देवडीवर अडलेले आहोत, हे ऐकून मला फार बरे वाटले.

लिब्रेऑफिसमधला शॉर्टकट बदलून देणे तुला सोपे होते. तू तसे केले नाहीस, कारण माझी बोटे त्या तीन कळांना सरावलेली आहेत आणि सराव मोडायचा नाही, असे तू म्हणालास. भाषाबदल तू कॅप्स लॉकवर नेलास. देवनागरीत इंग्रजीसारखी मोठी आणि लहान अक्षरे नसल्याने ती कळ माझ्याकडे रिकामीच पडून होती. हा विचार गाणाऱ्याच्या घरात वाढलेल्याला सुचावा असा आहे, आणि तू तर सुरांतले काही कळत नाही म्हणतोस.

माणसाला नुसते हुशार असून चालत नाही, समोरचा सांगतो आहे ते आधी खरे धरण्याचा सभ्यपणा लागतो. तो मला पैसे मोजून दोन दुकानांत मिळाला नाही आणि नात्यातही मिळाला नाही. त्या तिघांवर माझा राग आहे, तो मी लपवत नाही. तुझ्या आईवडिलांना मी ओळखत नाही, परंतु त्यांनाही माझा नमस्कार कळव.

दरबारीचे पान रविवारी रात्रीच पूर्ण केले. गंधारावर मध्यम बारीक अक्षरात बसला आहे, वहीत आहे तस्साच. त्याची एक प्रत छापून तुझ्यासाठी ठेवली आहे, सोबत बेसनाचे लाडू आहेत. माझ्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, तेव्हा परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की तूच खाली ये, आणि या वेळी चहा घेतल्याशिवाय जाऊ नकोस.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू