औषध न देणाऱ्या नर्सरीवाल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

एप्रिलमध्ये मी तुमच्याकडे कीटकनाशक मागायला आले आणि तुम्ही ते दिलं नाहीत. त्याबद्दल मनापासून आभार मानायला हे पत्र.

आमच्या व्हेरिगेटेड, म्हणजे हिरव्या-पांढऱ्या पानांच्या, रबर प्लांटच्या पानांवर तपकिरी, कोरडे चट्टे पडत होते. कुणी म्हणे बुरशी, कुणी म्हणे पाणी वाढवा, कुणी म्हणे नीम ऑइल मारा. मी सोबत आणलेलं पान तुम्ही उलटं केलंत, शिरेवरून अंगठा फिरवलात, किडीची जाळी किंवा खवले आहेत का पाहिलंत, मग उजेडात धरलंत. “चट्टे पांढऱ्यावरच आहेत, ताई. हिरवं शाबूत आहे. खिडकी कुठल्या अंगाला?” मी म्हटलं, पश्चिमेला. तिथेच निदान झालं.

पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणून थेट उन्हात तो आधी करपतो, हे तुम्ही मला समजावून सांगितलंत. जास्त पाण्याने मुळं कुजली असती तर खालची पानं पिवळी पडून गळाली असती, हेही दाखवलंत. अशा उन्हात पानांवर तेल फवारलं असतं तर ती आणखी भाजली असती. गिऱ्हाईक पैसे हातात घेऊन उभं असताना “याला औषध नको, जागा बदला” म्हणणं सोपं नाही. मला त्याचं फार मोल वाटतं.

बोलता बोलता तुम्ही हे झाड आपल्याच ईशान्येकडचं असल्याचं सांगितलंत. मेघालयात खासी लोक त्याच्या पारंब्या ओढ्यापलीकडे नेऊन, वर्षानुवर्षं वाढवून जिवंत पूल तयार करतात. हे पूल 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आले, हे मी नंतर वाचलं. इतक्या दमट मुलखातलं झाड काचेआडच्या आपल्या कोरड्या उन्हात का होरपळतं, ते तेव्हा नीट उमगलं.

कुंडी आता खिडकीपासून चार फूट आत आहे आणि मध्ये पातळ पांढरा पडदा आहे. अंधाऱ्या कोपऱ्यात मात्र ठेवली नाही, कारण उजेड कमी पडला तर नवीन पानांतला पांढरा रंग घटतो, हे तुम्ही बजावलं होतंत. बोटाची दोन पेरं माती कोरडी लागली तरच पाणी घालते. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, पण अख्खं पान तोडू नका, उरलेला हिरवा भाग झाडाला अन्न देतोय, हे तुमचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ झालंय. तपकिरी कड तेवढी कात्रीने काढली. चीक अंगाला लागू नये म्हणून हातमोजे घातले होते.

जुन्या पानांवरच्या खुणा आहेत तशाच आहेत. नंतर आलेल्या पानांवर मात्र एकही चट्टा नाही. एका फांदीला निव्वळ हिरवी पानं यायला लागली आहेत. ती वाढू दिली तर बाकीच्या फांद्यांवर कुरघोडी करील, असं तुम्ही म्हणाला होतात. म्हणून ती छाटणार आहे, पण कुठून कापायची ते तुम्हाला विचारूनच. येत्या रविवारी फोटो घेऊन येते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
पश्चिमेच्या खिडकीवाली ताई